बाजाराशी जुळवून कोणी घ्यावयाचे?

अमेरिकेत गोरगरिबांसाठी चालणाऱ्या आरोग्ययोजनांना गेले एक तप एकच उपदेश केला जात आहे : बाजाराशी जुळवून घ्या. सल्लागार कंपन्यांचे अहवाल, विमाउद्योगाच्या परिषदा, अर्थपंडितांची व्याख्याने या सर्वांचा सूर एकच आहे. गरिबांच्या योजनांनी सरकारी पैशावर पोसलेली आपली जुनी वृत्ती टाकून द्यावी, जाहिरात करावयास शिकावे, हप्ते वसूल करावयास शिकावे, किंमत पाडावयास शिकावे. जी शिकेल ती तरेल, जी शिकणार नाही ती बुडेल आणि ते योग्यच होईल, असे या उपदेशाचे सार आहे. वरवर पाहता हा व्यवहारी शहाणपणाचा सल्ला वाटतो. वस्तुतः त्यात एक मोठी लबाडी दडलेली आहे. जुळवून घेण्याचे सारे ओझे ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याच्या डोक्यावर ठेवावयाचे, आणि ज्याच्यापाशी भांडवल, वकील आणि दलालांची फौज आहे त्याचा बाजार मात्र ऊनपावसासारखा अटळ मानावयाचा, ही ती लबाडी होय.

हा बाजार निसर्गाने निर्माण केलेला नाही. तो २०१० साली एका कायद्याने निर्माण केला. त्यात कोणी उतरावे, काय विकावे, किती भावाने विकावे आणि तोटा आला तर तो कोणी सोसावा, याची कलमे माणसांनी लिहिली आणि माणसांनीच नंतर फिरवली. म्हणूनच गरिबांच्या योजनांनी बाजाराशी कसे जुळवून घ्यावे, हा मुळात चुकीचा प्रश्न आहे. गरिबांच्या गरजेशी बाजाराला जुळवून घ्यावयास कोण आणि कसे भाग पाडणार, हा खरा प्रश्न आहे. भारतातही विम्याच्या बाजारपेठेचे गोडवे गायिले जाऊ लागले असताना हा परक्या देशाचा अनुभव समाजवादी कार्यकर्त्यांनी नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हक्काचे रूपांतर कंत्राटात

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर वृद्धांसाठी आणि मेडिकेड गरिबांसाठी, अशी ती वाटणी होती. मेडिकेडचा खर्च संघराज्य व घटकराज्ये यांनी मिळून करावयाचा होता. त्याच वर्षी बॉस्टन शहरातील कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या डॉक्टरांनी सार्वजनिक पैशावर चालणारे लोक-आरोग्यकेंद्र उघडले, आणि पाठोपाठ मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे काळ्या शेतमजुरांसाठी दुसरे केंद्र उभे राहिले. तेथे कुपोषित मुलांना औषधाप्रमाणे अन्न लिहून दिले जाई. उपचार हा हक्क आहे आणि रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे, ही जाणीव या केंद्रांच्या मुळाशी होती.

पुढे वारे फिरले. ॲरिझोना राज्य १९८२ मध्ये मेडिकेडमध्ये सर्वांत शेवटी सामील झाले, आणि सामील होताना त्याने सारा कारभार माणशी ठरावीक रक्कम घेऊन उपचारांची जबाबदारी पत्करणाऱ्या मध्यस्थ योजनांकडे सोपवला. १९९७ च्या कायद्याने इतर राज्यांनाही गरिबांना अशा योजनांत सक्तीने घालणे सोपे करून दिले. आज मेडिकेडचे सुमारे तीन चतुर्थांश लाभार्थी अशा मध्यस्थांच्या हाती आहेत. सरकार दरमहा दरडोई रक्कम देणार आणि उपचारावर जितके कमी खर्च होईल तितके मध्यस्थाच्या पदरात राहणार, अशी ही रचना आहे. राज्यसरकारांनी तिला काटकसरीचे नाव दिले. विमाकंपन्यांनी तिच्यात एक नवे कुरण पाहिले.

सार्वजनिक रुग्णालये आणि लोक-आरोग्यकेंद्रे यांच्यापुढे तेव्हा अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. आपले रुग्ण कंपन्यांच्या दावणीला बांधले जाऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या योजना काढल्या. ऱ्होड आयलंडमध्ये आरोग्यकेंद्रांनी मिळून १९९३ मध्ये योजना स्थापन केली. बॉस्टनच्या सार्वजनिक परंपरेच्या रुग्णालयाने १९९७ मध्ये केली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये 'एल. ए. केअर' ही सार्वजनिक संस्था कामास लागली. तिची सभासदसंख्या पुढे वीस लाखांवर गेली आणि तिच्या संचालक मंडळावर विमाधारकांचे प्रतिनिधीही बसू लागले. या योजना निर्दोष होत्या असे नव्हे. उपचारांना मंजुरी देण्यातील दिरंगाईबद्दल खुद्द एल. ए. केअरवर कॅलिफोर्नियाच्या नियामकांनी २०२२ मध्ये ५ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड जाहीर केला. संस्था सार्वजनिक आहे एवढ्याने तिच्यावरील लोकांच्या देखरेखीची गरज संपत नाही, हा धडा विसरता कामा नये. तथापि या योजनांचा नफा भागधारकांच्या खिशात जात नव्हता, हा भेद किरकोळ नव्हे.

दोन तासांची रेषा

२३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी नव्या आरोग्यकायद्यावर सही केली. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेड द्यावयाचे, आणि त्याहून थोडे अधिक मिळवणाऱ्यांना प्रत्येक राज्यातील विमाबाजारपेठेत सरकारी अनुदानावर खाजगी विमा घ्यावयास लावावयाचे, अशी त्याची योजना होती. या बाजारपेठेत सरकारने स्वतःचाही एक विमा ठेवावा, ही मागणी प्रतिनिधीगृहाने नोव्हेंबर २००९ मध्ये मान्य केली होती. सिनेटमध्ये ती गाडली गेली. १ ऑक्टोबर २०१३ रोजी बाजारपेठांची दारे उघडली तेव्हा आत सार्वजनिक दुकान एकही सक्तीचे नव्हते. खाजगी कंपन्यांना मात्र सरकारी अनुदानाचे गिऱ्हाईक हमखास मिळाले.

कायद्याने आखलेली ही १३८ टक्क्यांची रेषा श्रमिकाच्या आयुष्यातून कशी जाते, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. २०२५ मध्ये एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर होती, म्हणजे मेडिकेडची मर्यादा वर्षाला सुमारे २१,५९७ डॉलर झाली. ओहायो राज्यातील किमान वेतन त्या वर्षी ताशी १० डॉलर ७० सेंट होते. हॉटेलात भांडी घासणारा एखादा कामगार आठवड्याला ३८ तास या दराने राबला तर वर्षाला २१,१४३ डॉलर मिळवतो आणि मेडिकेडला पात्र ठरतो. तोच ४० तास राबला तर त्याची कमाई २२,२५६ डॉलर होते आणि त्याला बाजारात ढकलले जाते. आठवड्याचे दोन तास, एवढेच अंतर! त्यातही मेडिकेड चालू महिन्याची कमाई पाहते आणि बाजारपेठ वर्षाची. मालकाने नाताळात जादा काम लावले की कामगार एका बाजूला, जानेवारीत तास कापले की दुसऱ्या बाजूला. त्याचा रक्तदाब आणि मधुमेह मात्र दोन्ही बाजूंना तेच असतात. बदलतात ते डॉक्टर, औषधांची यादी आणि खिशातील कार्ड.

हे अपवादाचे उदाहरण नाही. बाजारपेठा उघडण्यापूर्वीच, २०११ मध्ये, बेंजामिन सॉमर्स आणि सारा रोझेनबॉम या अभ्यासकांनी अंदाज मांडला होता की दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंतच्या प्रौढांपैकी निम्म्या, म्हणजे २ कोटी ८० लाख, लोकांची पात्रता वर्षाच्या आत या रेषेच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाईल. गरिबांच्या योजनांपुढचा खरा पेच तेथे उभा राहिला. बाजारपेठेबाहेर राहावे तर रेषा ओलांडताच रुग्ण हातचा जातो. आत शिरावे तर कंपन्यांच्या आखाड्यात त्यांच्याच नियमांनी लढावे लागते.

नाव सोनूबाई

या आखाड्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. बाजारपेठेतील विम्यांना धातूंची नावे दिली गेली : ब्राँझ, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम. ब्राँझचा विमा सरासरी खर्चाच्या ६० टक्के उचलतो, रौप्य ७०, सुवर्ण ८० आणि प्लॅटिनम ९०. उरलेला भाग रुग्णाच्या खिशातून जातो. ज्याला स्वस्तात स्वस्त हप्ता हवा, म्हणजे ज्याच्यापाशी पैसा कमीत कमी, त्याच्या वाट्याला आजारपणात सर्वांत मोठी पदरमोड येते. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण जणू या दुकानासाठीच जन्मली असावी. गरिबांना उपचाराच्या खर्चात जी विशेष सवलत मिळते ती फक्त रौप्य विम्यावर मिळते, ही अट कित्येक गिऱ्हाइकांना दलालाने समजावून दिल्यावाचून कळत नाही.

अनुदानाची रक्कम सर्वांत स्वस्त दोन रौप्य विम्यांपैकी दुसऱ्याच्या भावावरून ठरते. परिणामी दरवर्षी भाव पाडण्याची शर्यत लागते. जी योजना चार डॉलरांनी महाग पडते तिच्या गरीब सभासदाला तो फरक स्वतः भरावा लागतो, अथवा डॉक्टर सोडून दुसरा विमा घ्यावा लागतो. अर्थपंडित याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणतात. दरवर्षी घर बदलावे लागणाऱ्या भाडेकरूलाही मग निवासाचे स्वातंत्र्य आहे असे म्हणावयास हरकत नसावी!

मेडिकेडच्या सभासदांकडून बहुतांशी हप्ता घेतला जात नाही. बाजारात मात्र दरमहा वसुली आली. म्हणून ज्या संस्थांनी आरोग्यसेविका नेमावयाच्या त्यांना वसुलीची खाती उघडावी लागली. अनुदानित सभासदाने हप्ता थकवला तर त्याला नव्वद दिवसांची मुदत असते. परंतु पहिल्या महिन्यानंतरच्या उपचारांची बिले योजना रोखून धरू शकते आणि मुदत संपल्यावर नाकारू शकते. तो बुडीत भार अखेर कोणावर पडतो? ज्या आरोग्यकेंद्राने रुग्णाला परत पाठवले नाही, त्याच्यावर. माणुसकी दाखवणाऱ्याला दंड, असा हा कायदा झाला.

बळी तो कान पिळी

ज्यांनी जुळवून घेतले त्यांचे काय झाले, हेही पाहावयास हवे. येथे दोन मार्ग दिसतात : एक बुडण्याचा आणि दुसरा बदलून जाण्याचा.

सरकारी विमा नाकारल्यावर तोंडी लावणे म्हणून कायद्याने सहकारी विमासंस्थांची तरतूद केली. सरकारी कर्जावर अशा २३ संस्था उभ्या राहिल्या. नव्या संस्थांना सुरुवातीचा तोटा येणारच, तो सरकार वाटून घेईल, असे लेखी आश्वासन कायद्यात होते. काँग्रेसने २०१४ च्या अखेरीस त्यासाठीचा पैसाच अडवला. पहिल्या वर्षाच्या मागणीपैकी अवघी १२.६ टक्के रक्कम मिळाली. २०१५ संपेपर्यंत या संस्थांपैकी निम्म्या कोसळल्या आणि लक्षावधी सभासद उघड्यावर आले. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारने आपले आश्वासन पाळावयास हवे होते. ही देणी सुमारे १२ अब्ज डॉलरांची होती. न्याय मिळाला, पण प्रेताला! आज या सहकारी संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. सरकारच्या वचनभंगाने बुडालेल्या या संस्थांकडे बोट दाखवून सहकार बाजारात टिकत नाही असे सांगणारे लोक मात्र पुष्कळ आहेत.

रुग्णांच्या प्रकृतीनुसार योजनांमध्ये पैशाची फिरवाफिरव करण्याचा जो नियम आहे, त्याचीही गत निराळी नाही. निरोगी सभासद असलेल्या योजनेने आजारी सभासद असलेल्या योजनेला पैसे द्यावेत, हे तत्त्व उत्तम आहे. परंतु आजार मोजला जातो तो कागदावर नोंदवलेल्या निदानांवरून. वर्षानुवर्षे डॉक्टरचे तोंड न पाहिलेला गरीब माणूस कागदावर ठणठणीत दिसतो. जुन्या कंपनीच्या गिऱ्हाइकाची मात्र प्रत्येक व्याधी संगणकात नोंदलेली असते. परिणामी लहान संस्थेकडून बड्या कंपनीकडे पैसा वाहू शकतो. न्यू मेक्सिको राज्यातील सहकारी संस्थेने २०१६ मध्ये या हिशेबाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयात तिला अंशतः यश आले, वरच्या न्यायालयात ते गेले, आणि २०२० अखेर ती संस्था बंद पडली.

दुसरा मार्ग यशाचा समजला जातो. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे डेव्हिड मोलिना या डॉक्टरने १९८० मध्ये गरिबांसाठी दवाखाना उघडला. त्यातून कंपनी झाली, २००३ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले, आणि २०१४ मध्ये ती विमाबाजारपेठेत उतरली. तोटा दिसू लागताच मे २०१७ मध्ये संचालक मंडळाने संस्थापकाच्या दोन्ही पुत्रांना पदावरून दूर केले. पाठोपाठ सुमारे १,५०० नोकऱ्या कापण्यात आल्या आणि २०१८ साठी दोन राज्यांतील बाजारपेठा सोडण्यात आल्या. मिलवॉकी शहरात १९८४ मध्ये ना-नफा योजना म्हणून जन्मलेली सेंटीन २००१ मध्ये शेअरबाजारात गेली आणि पुढे बाजारपेठेतील सर्वांत मोठी विमाकंपनी झाली. मेडिकेडच्या औषधांचे पैसे जादा लावल्याच्या आरोपावरून तिने २०२१ मध्ये ओहायो राज्याला ८ कोटी ८३ लाख डॉलर देऊन, आरोप मान्य न करता, तडजोड केली. जुळवून घेण्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली ही संस्था! योजना वाचली, पण ज्यांच्यासाठी ती जन्मली त्यांची उरली नाही.

आणि ज्या स्पर्धेसाठी हा सारा खटाटोप झाला तिचे काय? युनायटेडहेल्थ, एट्ना, ह्यूमाना या बड्या कंपन्यांनी नफा दिसेना तेव्हा २०१६ ते २०१८ या काळात बहुतेक बाजारपेठांतून काढता पाय घेतला. २०१८ मध्ये देशातील सुमारे निम्म्या काउंट्यांत एकच विमाकंपनी उरली होती. मेडिकेडच्या मध्यस्थीतही पाच बड्या कंपन्यांच्या हाती निम्म्याच्या आसपास सभासद एकवटले आहेत. संघराज्याच्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, तपासलेल्या मेडिकेड-मध्यस्थांनी २०१९ मध्ये उपचारांच्या पूर्वमंजुरीच्या दर आठ अर्जांपैकी एक फेटाळला होता. स्पर्धेचा शेवट मक्तेदारीत होतो, हे समाजवाद्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. येथे त्याला पाच-सहा वर्षेही लागली नाहीत.

यश कोणाचे?

बाजाराचे समर्थक येथे एक आकडा पुढे करतात. २०१० मध्ये अमेरिकेतील सुमारे १६ टक्के लोक विम्यावाचून होते. २०२३ मध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या खाली आले. हा बदल लहान नाही, आणि त्याला नाक मुरडणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. कोट्यवधी श्रमिकांना प्रथमच डॉक्टरकडे जाता आले. परंतु हे यश स्पर्धेचे नव्हे, सार्वजनिक पैशाचे आहे. त्यातील मोठा वाटा मेडिकेडच्या विस्ताराचा आहे. ज्या दहा राज्यांनी, त्यांत टेक्सास आणि फ्लॉरिडा ही बडी राज्ये आली, हा विस्तार नाकारला तेथे बाजारपेठ आहे, स्पर्धा आहे आणि तरीही सर्वांत गरीब माणूस दोन्ही दारांबाहेर उभा आहे. कारण बाजारातील अनुदान दारिद्र्यरेषेच्या वरच्यांसाठी ठेवलेले होते. २०२५ साठी बाजारपेठेत २ कोटी ४० लाख लोकांनी नावे नोंदवली, त्यांपैकी दहांतील नऊहून अधिकांना सरकारी अनुदान होते. २०२१ पासूनचे वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपू देण्यात आले, तेव्हा बाजाराचा हा डोलारा कोणाच्या खांद्यावर उभा होता ते उघडे पडले.

मेडिकेडवरही घाव पडला. महामारीच्या काळात नावे काढण्यास असलेली बंदी एप्रिल २०२३ पासून उठताच अडीच कोटींवर लोकांची नावे कमी झाली. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांची नावे ते अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर कागदपत्रांच्या कारणाने गेली. जुलै २०२५ च्या कायद्याने विस्तारित मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाचा पुरावा मागण्याचे ठरले असून २०२७ पासून तो सर्वत्र लागू व्हावयाचा आहे. आर्कान्सा राज्यात २०१८ मध्ये असाच प्रयोग झाला, तेव्हा न्यायालयाने तो थांबवण्यापूर्वी १८ हजारांवर लोकांनी मेडिकेड गमावले. या नव्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक अधिक विम्यावाचून होतील, असा काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे. मेडिकेडमधून बाहेर फेकलेल्यांना बाजार सामावून घेईल, असे सांगणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडून पाहावेत.

बहिष्कार नव्हे, अटी

मग गरिबांच्या योजनांनी या बाजारावर बहिष्कार टाकावा काय? काही कडवी मंडळी तसे म्हणतात. सर्वांसाठी एकच सार्वजनिक विमा येईपर्यंत या चिखलात पाय घालू नये, असा त्यांचा आग्रह असतो. ध्येय म्हणून तो रास्त आहे. डावपेच म्हणून घातक आहे. व्हर्मांट राज्याने २०११ मध्ये एकमेव सार्वजनिक विम्याचा कायदा केला आणि २०१४ च्या डिसेंबरात, करांचे आकडे पाहून, तेथील गव्हर्नरने तो गुंडाळून ठेवला. ध्येय दूर आहे. दरम्यान दोन तास जादा राबल्याबद्दल डॉक्टर गमावणाऱ्या कामगाराला तत्त्वज्ञान पुरत नाही. त्याची योजना रेषेच्या दोन्ही बाजूंना हजर असेल तर त्याला तेच केंद्र, तीच परिचारिका, तेच औषध मिळत राहते. म्हणून या योजनांनी बाजारात जावे. परंतु शिकाऊ दुकानदार म्हणून नव्हे, आपल्या माणसांमागे जाणाऱ्या संस्था म्हणून जावे, आणि राज्यसत्तेकडून अटी मान्य करून घेऊन जावे.

या अटी हवेतील नाहीत. त्या प्रत्यक्षात आलेल्या आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ मध्ये देशातील पहिली अशी बाजारपेठ काढली, तेव्हा अनुदानित विभाग प्रारंभी केवळ मेडिकेडच्या चार स्थानिक योजनांसाठी राखून ठेवला होता. २००९ मध्ये ते राखीव दार उघडले आणि पहिल्या नव्या पाहुण्यांत सेंटीनची योजना होती. मिनेसोटा आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०१५ पासून २०१० च्याच कायद्यातील एका कलमाचा आधार घेऊन दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंतच्या लोकांना बाजारात न ढकलता वेगळी, नाममात्र किंवा शून्य हप्त्याची योजना दिली. दोन तासांची ती रेषा त्यांनी पुसली नाही, पण पुष्कळ वर सरकवली. आणि कनेक्टिकट राज्याने तर १ जानेवारी २०१२ पासून मेडिकेडमधील नफेखोर मध्यस्थांना निरोप देऊन डॉक्टरांची बिले स्वतः देण्यास आरंभ केला. मध्यस्थ गेले म्हणून आभाळ कोसळले नाही. बाजाराला जुळवून घ्यावयास लावता येते, याचे हे तीन पुरावे आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणी ते राज्यसत्तेने लावले, योजनांच्या चातुर्याने नव्हे.

यावरून मागण्या स्पष्ट होतात. रेषेजवळच्या लोकांचा भाग सार्वजनिक व ना-नफा योजनांसाठी राखून ठेवावा. पात्रता निदान वर्षभर टिकावी. तोटा वाटून घेण्याचे वचन दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या लहरीवर सोडू नये. आणि सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक योजनेच्या कारभारात रुग्णांचे व आरोग्यसेवकांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. याला कोणी जुळवून घेणे म्हणत असेल तर अवश्य म्हणावे.

भारतासाठी धडा

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना विम्याच्या मार्गाने सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर नेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांपुरते हे संरक्षण आहे. गावातील रिकामे प्राथमिक आरोग्यकेंद्र आणि औषधाच्या दुकानातील रोजची उधारी त्याच्या बाहेर राहते. यापुढचे पाऊल म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये 'बीमा सुगम' या संगणकीय विमाबाजारपेठेची नियमावली काढली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमाक्षेत्र शंभर टक्के परकीय भांडवलास खुले करणारा कायदा संमत केला. दुकान सजत आहे. उद्या गरिबांच्या योजनांनाही त्यात गाळा घेण्याचा उपदेश होणारच नाही, अशी खात्री कोणी द्यावी?

वास्तविक या देशाला वेगळी वाट कोणी दाखवली नव्हती असे नाही. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये, हे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले. २०११ मध्ये नियोजन आयोगाच्या तज्ज्ञगटाने, श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली, सार्वत्रिक आरोग्यसेवेची खरेदी विमाकंपन्यांमार्फत न करता सरकारने अथवा सार्वजनिक स्वायत्त संस्थांनी करावी, अशी स्पष्ट शिफारस केली. ती शिफारस बासनात गेली आणि मध्यस्थ दारात आले.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे ठरलेले आहे. कामगारवस्तीत व खेड्यात विम्याचे कार्ड मिळवून देण्यास मदत करावी, ती न करणे गुन्हा ठरेल. परंतु कार्ड म्हणजे आरोग्याचा हक्क नव्हे, हे त्याच बैठकीत सांगावे. कोणत्या रुग्णालयाने कार्ड असूनही पैसे मागितले, कोणता अर्ज कागदाअभावी फेटाळला गेला, याची गाववार नोंद ठेवून ती ग्रामसभेत, महापालिकेत आणि विधानसभेत मांडावी. प्राथमिक आरोग्यकेंद्रातील डॉक्टरची रिकामी जागा आणि विमाकंपनीला गेलेला हप्ता, हे दोन आकडे प्रत्येक सभेत एकत्र वाचून दाखवावेत. गरिबांना आजवर सावकाराशी, ठेकेदाराशी आणि गिरणीमालकाशी जुळवून घेण्याचा उपदेश झाला, आणि जेथे त्यांनी संघटित होऊन तो झुगारला तेथेच कायदे बदलले. विम्याच्या बाजारातही यापेक्षा निराळे काही घडणार नाही.